प्रिय आक्का, आणि प्रिय झेरॉक्स

मी जन्मभर दूध तपासलं. संगमनेरातल्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. दूध तपासणारा माणूस हळूहळू संशयी होतो, असं माझ्या बायकोचं म्हणणं. माझं म्हणणं असं की स्वभाव आधीचाच होता, नोकरी त्याला साजेशी मिळाली. फॅट किती, पाणी किती, एवढंच विचारत आयुष्य गेलं आणि एके दिवशी नारळ हातात देऊन घरी बसवलं.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा मी लिहायला लागलो. दर रविवारी एक लेख, आमच्या काष्टीचा. काष्टीतलं आमचं घर, बाजाराच्या दिवशी दारातून जाणारी जनावरं, आईच्या हातचं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, विहिरीवरचं भांडण, असलं काहीबाही. आता त्या घरात एक बी-बियाण्यांचं दुकान आहे. आई-वडील गेले, मी इकडे, आणि माझी थोरली बहीण, आक्का, लग्न होऊन तिकडे तिसगावला. म्हणजे त्या घरात वाढलेली दोनच माणसं उरली, आणि त्यातलं एक दुसऱ्याशी बोलत नव्हतं.

त्याकडे येतोच. आधी लेखांचं सांगतो.

सुरुवातीला मी ते व्हॉट्सॲपवर टाकत असे. तिथे ते सुप्रभात आणि फुलांच्या ताटव्यांमध्ये बुडून जात. एकदा माडग्यावरच्या लेखाबरोबर आईचा फोटो टाकला. कुणीतरी फोटो पाहून लगेच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, आणि मग लेख न वाचता पाठोपाठ सगळ्यांनी हात जोडले. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. दोन चुलतभावांनी फोन करून 'दहावा कधी आहे' असंही विचारलं. मी चिडलो, आणि व्हॉट्सॲप बंद म्हणून जाहीर केलं. बायको म्हणाली, "बंद करा, पण लोकांना कुठं भेटणार ते ठरवा आधी."

मग मी शोधाशोध केली. दोन वाटा दिसल्या. पहिली म्हणजे न्यूजलेटरचं साधन. त्यात आपण लोकांचे ईमेल पत्ते भरून ठेवायचे. लेख लिहिला की ते यंत्र प्रत्येकाच्या नावानं पत्र करून पाठवतं, आणि कुणी उघडलं, कुणी नाही, याचा हिशेब आपल्यापुढे मांडतं. दुसरी वाट म्हणजे आपलं एक साधं संकेतस्थळ करायचं, तिथे लेख ठेवायचा आणि गप्प बसायचं. ज्याला वाचायचं असेल त्यानं आपल्या फोनमध्ये फीड रीडर नावाचं ॲप ठेवायचं आणि त्यात आपला पत्ता घालायचा. नवं काही आलं की ते ॲप स्वतः जाऊन घेऊन येतं. कुणी नेलं, हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही.

ही दुसरी वाट मला ठाऊक होती, कारण मी स्वतः बरीच वर्षं तसाच वाचत आलो आहे. आकाशातले तारे बघणारा एकजण, जुन्या बियाण्यांवर लिहिणाऱ्या एक बाई, चीज करणारा कुणी परदेशी. त्यांना माझं नाव माहीत नाही. मी आपला त्यांच्या ओट्यावर बसून ऐकतो आणि उठून येतो.

माझा एक मित्र आहे, दूध संघातलाच, संकलन विभागातला. सकाळचा चहा आम्ही बसस्टँडसमोर एकत्र पितो. त्याला मी ही फीडवाली पद्धत समजावून सांगायला घेतली आणि पहिल्याच वाक्याला अडकलो. या पद्धतीचं नाव आरएसएस. ती तीन अक्षरं आपल्याकडे उच्चारली की माणूस आधी समोरच्याकडे आणि मग आजूबाजूला बघतो. त्यानं बशी खाली ठेवली. "कवापासून?" तो हळूच म्हणाला. "बोलला न्हाई कधी." मी म्हटलं, तसं नाही रे बाबा, हे वेगळं, हे फीड. तर त्याचा चेहरा खुलला. आमच्या तालुक्यात फीड म्हणजे पशुखाद्य. "गोळी पेंड का?" तो म्हणाला. "भाव काय लावतो?"

त्यानंतर बराच वेळ समजावल्यावर त्यानं निकाल दिला, तो असा: "ते पत्रवालंच घ्या. गिऱ्हाईक दिसलं पाहिजे. कोन घेतंय हेच कळंना, असला धंदा आपन कधी केलाय का?"

खरं होतं. मी त्याचं ऐकलं.

आता आक्काचं. माझ्या मुलीच्या लग्नापासून आमचा अबोला होता. आमच्याकडे लेकीबाळींना नुसती पत्रिका चालत नाही. माहेरचं माणूस तिच्या घरी जातं, कुंकू लावून पत्रिका हातात देतं, आणि लग्नाच्या आधी पुन्हा गाडी घेऊन तिला न्यायला जातं. त्याला मूळ म्हणतात. मूळ आल्याशिवाय माहेरवाशीण उंबरा ओलांडत नाही, मग लग्न सख्ख्या भाचीचं का असेना. माझ्या मुलीचं लग्न मुलाकडच्यांनी अचानक अलीकडे ओढलं. कार्यालय, आचारी, सगळं मी एकटा धावून करत होतो. मी सगळ्यांना पाठवली तशीच आक्कालाही पत्रिका फोनवर पाठवली आणि वर फोन केला. तिनं उचलला नाही. लग्नात आत्याच्या मानाची जागा रिकामी राहिली. गुरुजींनी दोनदा विचारलं, आत्याबाई कुठे आहेत.

मी आजही म्हणतो, त्या आठवड्यात तिसगावला जाणं मला शक्य नव्हतं. आक्का माझ्या बायकोला म्हणाली, "व्याह्यांकडं येवढ्या चार खेपा झाल्या, माझ्याच गावाला रस्ता न्हवता का?" दोघंही खरंच बोलतोय, हीच पंचाईत. खोटं बोलत असतो तर कुणीतरी एकजण कधीच उघडा पडला असता आणि प्रकरण मिटलं असतं.

आमच्या घराण्यातला अबोला फार शिस्तीचा असतो. माणूस समोर असलं तरी त्याच्याशी बोलायचं नाही, पण त्याच्या पानात काही कमी पडू द्यायचं नाही. मग बोलायचं हवेत. चुलत्याच्या दहाव्याला काष्टीत आम्ही एका ओसरीवर आलो. आक्का चहाचा ट्रे घेऊन फिरत होती. माझ्यापाशी आल्यावर ती खांबाकडे बघून म्हणाली, "कुनाला बिनसाखरंचा पाहिजे असंल तर ह्यो हाय." साखर बंद असलेला त्या ओसरीवर मी एकटा. मी कप उचलला आणि त्याच खांबाला म्हटलं, "कुणाच्यातरी लक्षात आहे म्हणायचं." ती पुढे गेली. असं चालतं. त्याला बोलणं म्हणत नाहीत, म्हणून ते चालतं.

आक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. वर्गात शुद्ध बोलायची आणि घरी आल्यावर चपला काढाव्यात तसं ते शुद्ध बोलणं दारात काढून ठेवायची. ईमेल, ॲप, सगळं तिला येतं. शेवटच्या वर्षांत शाळेचे सगळे तक्ते तीच ऑनलाइन भरायची. माझ्या मुलीच्या लग्नानंतर ती कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातून बाहेर पडली ती पडलीच. म्हणजे मी दर रविवारी आमच्याच घराबद्दल लिहीत होतो, आणि ते घर जिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, तिच्यापर्यंत ते जातच नव्हतं.

न्यूजलेटरचं साधन सुरू करताना त्यानं विचारलं, फोनमधले ईमेल पत्ते आपोआप घेऊ का? मी म्हटलं, घे बाबा. यादी समोर आली. प्रत्येक नावापुढे खूण होती. आक्काच्या नावापुढची खूण काढायला बोट गेलं. काढली नाही. मनात म्हटलं, पत्र तर आहे, कुठे काय बोलतोय आपण.

पहिलं पत्र गेलं. यंत्रानं प्रत्येकाला वर 'प्रिय' लावून त्याचं नाव घातलं, आणि नाव कुठून घेतलं, तर माझ्या फोनमध्ये जसं साठवलं होतं तसंच. त्यामुळे आमच्या व्याह्यांना 'प्रिय व्याही नाशिक' असं पत्र गेलं. नळ दुरुस्त करणाऱ्याला 'प्रिय प्लंबर नवा' असं गेलं. आणि ज्या दुकानातून मी कागदपत्रं छापून घेतो त्याला गेलं 'प्रिय झेरॉक्स बसस्टँड'. त्याचंच उत्तर सगळ्यात आधी आलं: 'सर, फाईल मिळाली. किती प्रती काढू? कलर का साधी?'

मी हसून हसून बायकोला वाचून दाखवलं. तीही हसली. मग तिनं विचारलं, "आक्कांना काय गेलं?"

"प्रिय आक्का," मी म्हटलं.

ती ओटा पुसायला लागली.

दोन-तीन रविवार मजेत गेले. यंत्राचा हिशेब मला फारच मानवला. पत्र कितीजणांनी उघडलं, किती वेळा उघडलं, सगळं टक्क्यांत. मला जन्मभर फॅटचे आकडे वाचायची सवय. सकाळी दात घासण्याआधी मी आकडा बघायचो. बाजारातल्या जनावरांवर लिहिलं तेव्हा आकडा चढला, आणि वडिलांच्या मौनावर लिहिलं तेव्हा पडला. पुढच्या वेळी मी कुणी न सांगता पुन्हा बैलांवर गेलो. हे माझं मलाच जरा उशिरानं कळलं. दुधात पाणी घालणाऱ्यांना मी आयुष्यभर पकडलं आणि इथे मीच बैल घालत होतो.

मग एका सकाळी आकड्यांच्या वर एक लाल ओळ आली. एक वाचक कमी झाला. न्यूजलेटरच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, हे पत्र नको असल्यास इथे दाबा. ते दाबलं की यंत्र कारण विचारतं आणि निवडायला चार-पाच उत्तरं देतं. आक्कानं दाबलं होतं, आणि कारण निवडलं होतं: 'मी यासाठी नाव दिलंच नव्हतं.'

मला फार लागलं. ते खोटं नव्हतं म्हणून जास्त लागलं. मी दिवसभर धुमसत राहिलो. संध्याकाळी बायकोपुढे फुटलो. म्हटलं, एवढा कसला ताठा? आईबद्दल लिहिलंय मी, तिच्याही आईबद्दल. वाचायचं नव्हतं तर न उघडता ठेवायचं. स्वतःचं नाव कापून टाकायची काय गरज होती?

बायको शेंगा निवडत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "तुमचं मूळ पुन्हा मशीननंच गेलं. झेरॉक्सवाल्यालाही प्रिय आणि त्यांनाही प्रिय. कशा घेतील त्या?"

मी वाद घातला. बराच घातला. पण झोपताना मनात ते वाक्य होतंच.

दुसऱ्या दिवशी वाटलं, निदान ते 'प्रिय' काढून तिचं नाव पुन्हा यादीत घालावं. यंत्रानं नकार दिला. या व्यक्तीनं स्वतःहून नाव काढलं आहे, तुम्हाला ते घालता येणार नाही, त्यांनीच यायला हवं. नियम चांगला आहे. नको असलेल्या माणसाच्या दारात कुणी पुन्हा पुन्हा जाऊ नये म्हणून केलेला. पण आक्का आपणहून येऊन माझ्या यादीत नाव देणार? मूळ आलं नाही म्हणून लग्नाला न आलेली बाई?

त्या वर्षी भाऊबीजेला माझी नजर दाराकडे होती. दुपार गेली, संध्याकाळ गेली. बायकोनं तिसगावला फोन लावला, त्यांचं दोघींचं बोलणं नेहमीचंच असतं. अबोला भावाशी, भावजयीशी नाही. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघेना. मी विचारलं काय म्हणाल्या. ती म्हणाली, "चंद्राला ओवाळलं म्हणाल्या."

ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. मी अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिलो. राग येत होता की रडू, ते आज सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

त्यानंतर मी ते न्यूजलेटर बंद करायचं ठरवलं. मित्र म्हणाला, "डोकं फिरलंय का? चालू डेअरीला कुलूप लावतंय का कुनी?" जाणकार म्हणतात दोन्ही एकदम चालवता येतं, पत्रही पाठवायचं आणि फीडही ठेवायचं. महिनाभर चालवून पाहिलं. पण पत्र होतं तोवर आकडा होता, आणि आकडा होता तोवर मी बैलांवर लिहीत होतो. आणि खरं कारण वेगळंच होतं. यादीतल्या सगळ्या माणसांपेक्षा यादीतून गेलेलं एक माणूस मला हवं होतं. तिला हाक मारून बोलवायची सोय राहिली नव्हती. नाव घेऊन दारात जाणारं काहीही तिनं परत केलं असतं. मग उरलं काय, तर खांबाकडे बघून बोलणं. फीड म्हणजे तेच. कुणाला सांगितलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही, ठेवून दिलं. ज्याला हवं त्यानं न्यावं. नेलं तरी कुणाचा कमीपणा नाही, कारण नेल्याचं कुणाला कळतच नाही.

शेवटच्या पत्रात मी फीड रीडर कसं लावायचं ते पायरीपायरीनं लिहिलं. दोघांनी शंका विचारल्या. प्लंबरनं उत्तरात नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. बाकीच्यांनी 'फार छान उपक्रम' लिहिलं आणि ते कायमचे गेले.

संकेतस्थळ मी साधंच केलं होतं. वर 'काष्टीचं घर' एवढंच नाव, खाली लेख. पत्र बंद झाल्यावरच्या पहिल्या लेखाच्या आरंभी सवयीनं 'प्रिय' टाईप झालं, ते खोडलं. मग वाक्यच सुरू होईना. कुणाला लिहितोय हे न ठरवता पहिलं वाक्य लिहिणं किती अवघड असतं, हे तोवर मला कळलं नव्हतं. शेवटी लिहिलं, 'आमच्या विहिरीला कठडा नव्हता', आणि पुढे सुटलो.

लिहिणं सुधारलं. ते मला जाणवत होतं. बैल कमी झाले. वडील आले, त्यांचं न बोलणं आलं. आई भाकरी थापताना पुटपुटायची ते आलं, तिचं गूळ घातलेलं माडगं पुन्हा आलं. आक्का मला पाठंगुळी घेऊन ओढा ओलांडायची, ते मी लिहिलं आणि तिचं नाव मात्र घातलं नाही. नुसतं 'एक मुलगी' लिहिलं. ज्याला कळायचं त्याला कळेल.

पण कुणाला कळतंय, हेच कळायला मार्ग नव्हता. लेख टाकायचा आणि शांतता. पुढचा टाकायचा आणि पुन्हा शांतता. विहिरीत दगड टाकला तर निदान डुबुक तरी येतं. मधे तिसगावला आक्काच्या नातवाचं बारसं झालं. बायको गेली. नगरला गाडी बदलून पुढे पाथर्डीच्या एसटीनं. गाडीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, आमच्या तोंडात अजून नगरच येतं. मला बोलावणं नव्हतं, म्हणून मी गेलो नाही. ताठा काही एकट्या आक्काचा नाही. बायको दोन दिवस राहून परत आली, बाळाचं वर्णन करत राहिली, आणि मला जे ऐकायचं होतं ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

पावसाळा सरता सरता माझा धीर संपला. एका रविवारी लिहायला बसलो आणि उठलो. लिहून काय होणार, असं आधी कधी वाटलं नव्हतं. पुढच्या रविवारी बसलोच नाही. चहाच्या टपरीवर मित्राला सांगितलं, तर त्यानं चिडवलं नाही, उलट चहाचे पैसे दिले, ते मला आणखी बोचलं. म्हणाला, "पुन्हा पत्र चालू करा. लोक इचारत्यात." कोण लोक, ते मी विचारलं नाही. एकानं विचारलं असतं तरी पुरे होतं.

तिसऱ्या रविवारी सकाळी मी लॅपटॉपवर ते न्यूजलेटरचं साधन पुन्हा उघडलं. जुनी यादी तशीच होती, धूळ न बसता. पुन्हा सुरू करायचं का, अशी पाटी समोर होती. आक्काचं नाव अर्थात त्यात नव्हतं. मनाशी म्हटलं, नसू दे. आपण आपलं केलं. सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी मिटत नसतात. व्याही वाचतील, झेरॉक्सवाला प्रती काढील, तेही काही कमी नाही.

तेवढ्यात आत बायकोचा फोन वाजला. तिचे हात पिठात होते. "बघा हो कुणाचाय," ती म्हणाली. मी जाऊन पाहिलं तर वर लिहिलं होतं, 'आक्का वन्सं'. मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं पिठाचे हात दाखवले आणि मान फिरवली. वाजून वाजून बंद पडेल म्हणून मी उचलला.

"हॅलो," मी म्हटलं.

माझा आवाज तिनं ओळखला होता. आता फोन ठेवील, असं मला वाटलं. मागे कुठेतरी बाळ किरकिरत होतं, कुणीतरी त्याला घेऊन बाहेर गेल्याचं ऐकू आलं.

"दोन रविवार झाले," आक्का म्हणाली. "काय आलं न्हाई."

मला आधी समजेना ती कशाबद्दल बोलतेय. ती खांबाशी बोलतेय की माझ्याशी, तेही समजेना.

"काय आलं नाही?" मी विचारलं.

"लेख. आज बी सकाळधरनं बघतीय, न्हाई आला." तिनं घसा साफ केला. "मला वाटलं तुला काय झालं का काय."

तुला. इतक्या वर्षांत मी 'कुणाला' झालो होतो, 'एखादा' झालो होतो, 'त्या माणसाला सांग' झालो होतो. मी भिंतीला टेकलो. डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. बायकोची पाठ माझ्याकडे होती, बघायला कुणी नव्हतं.

"मला काही झालं नाही, आक्का," मी म्हटलं. "मला वाटलं कुणी वाचत नाही."

"कुनी म्हंजी?" तिचा शाळेतला आवाज परत आला. "तुझी बायको बारशाला आल्ती तवा लावून दिलंय तिनं माझ्या फोनात. पयल्या लेखापासनं वाचलंय समदं. लिहायचं बंद केलं असंल तर तसं सांग, मी काढून टाकते ते ॲप, फोन भरलाय माझा फोटोंनी."

"नाही बंद केलं."

"मग लिही. आन माडग्यात आई गूळ न्हाई घालायची. गूळ तुला पाहिजे असायचा म्हनून वरनं द्यायची. तेवढं नीट कर आधी, लोक वाचत्यात."

मी हो म्हटलं. बायको परातीत पीठ मळत होती, ते मघाशीच मळून झालं होतं तरी.

मला वाटलं, आता एवढं बोलली आहे तर सगळंच बोलून घ्यावं. म्हटलं, "आक्का, तुझ्या पत्त्यावर वेगळं पाठवत जाऊ का? तुझ्या एकटीच्या नावानं? मशीननं नाही, मी स्वतः." आणि लगेच जोडलं, "आणि येत्या रविवारी मी येतो तिसगावला. न्यायला येतो तुला."

तिकडे दार लावल्याचा आवाज आला.

"न्यायला ये," ती म्हणाली. "कुंकू आन. रिकाम्या हातानं आलास तर दारातनं परत पाठवीन." मग आवाज खाली आला. "पन लेख वेगळा पाठवू नको. हाय तसाच ठिव. तू तिथं आईचं घर लिहितोस. तिथं यायला मला मूळ कशाला लागतंय? माझी मी येते."

मी बरं म्हटलं. फोन मी ठेवला नाही, आणि तिनंही ठेवला नाही.